एवढ्या अळ्या आल्या कुठून?

पावसाळा संपून ताडोबा किंवा मेळघाट पर्यटकांसाठी खुलं झालं, की गाइडला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. पाऊस तर चांगला झाला, नाले अजून वाहताहेत, मग सागाचं रान असं करपल्यासारखं का दिसतंय? वणवा लागला होता का? गाइड वाटेकडेचं एक पान तोडून हातात देतो. पानातला हिरवा गर कुणीतरी खरवडून खाल्लेला असतो, उरलेली असते नुसती शिरांची जाळी. ‘अळी पडली,’ तो सांगतो. मग पुढचा प्रश्न येतो : डोंगरच्या डोंगर फस्त करणाऱ्या एवढ्या अळ्या आल्या कुठून?

त्याच्या पाठोपाठ आणखी दोन प्रश्न येतात. दर वर्षी असं का होत नाही? आणि सरकार औषध का फवारत नाही? तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. ती सोडवण्यासाठी भारतातली दोन झाडं घेऊ : साग आणि सरई. सरई म्हणजे साल वृक्ष. खोडाच्या सालीशी घोळ नको, म्हणून इथे सरईच म्हणू.

१. कीड आधीपासूनच असते

शेतात टोळधाड येते ती बाहेरून. त्यामुळे जंगलातली कीडही कुठून तरी येऊन पडत असणार, असं आपण धरून चालतो. पण सागाची पानं खाणाऱ्या अळ्या सागाच्या जंगलात कायमच्या रहिवासी आहेत. त्यांतल्या दोन मुख्य. एक पावसाळ्याच्या सुरुवातीला फुटणारी कोवळी पानं खाते, आणि जाड शिरा सोडून सगळं संपवते. दुसरी पावसाळ्याच्या उत्तरार्धात जून पानांवर येते आणि गाइडने दाखवली तशी जाळी करून ठेवते. एरवी या अळ्या इतक्या विरळ असतात, की शोधायला दिवस घालवावा लागेल. मग एखाद्या हंगामात त्यांची संख्या काही महिन्यांत शेकडो पटींनी वाढते. या वाढीलाच उद्रेक म्हणतात.

म्हणजे ‘कीड कुठून आली’ याऐवजी ‘इतकी वर्षं ती वाढत का नव्हती’ हे विचारायला हवं.

२. अंड्यांचं गणित

पहिल्या अळीचा पतंग घेऊ. त्याची मादी सुमारे ५०० अंडी घालते. अंड्यापासून पुन्हा अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा फेरा उबदार हवेत तीन-चार आठवड्यांत पुरा होतो.

आता साधा हिशेब. एका जोडप्याच्या ५०० पिल्लांपैकी फक्त २ जगली, तर आई-बापांची जागा भरून निघते आणि संख्या आहे तेवढीच राहते. म्हणजे शांत वर्षांत ४९८ पिल्लं मरत असतात. मरणाचं प्रमाण ९९.६ टक्के.

समजा एका वर्षी काही कारणाने ते ९८ टक्क्यांवर आलं. आता ५०० पैकी १० जगतील, त्यांत ५ माद्या. म्हणजे दर पिढीला संख्या पाचपट. एखाद्या खोऱ्यात सुरुवातीला १० माद्या असतील, तर पहिल्या पिढीनंतर ५०, दुसऱ्या पिढीनंतर २५०, तिसऱ्या पिढीनंतर १,२५० आणि चौथ्या पिढीनंतर ६,२५०. एवढ्याला लागतात तीन-चार महिने.

या हिशेबात अंडी एकाही अंड्याने वाढलेली नाहीत. मरण तेवढं थोडं कमी झालं. शंभरातले ९९.६ मेले काय आणि ९८ मेले काय, जंगलात हिंडणाऱ्या माणसाला फरक दिसणारच नाही. उद्रेक अचानक झाल्यासारखा वाटतो तो यामुळे. वाढ कधीचीच सुरू झालेली असते, आपल्याला तिची शेवटची पिढी दिसते.

३. चार लगाम

एरवी ४९८ पिल्लांना कोण मारतं? चार गोष्टी.

पहिली गोष्ट अन्नाची. अळीला नुसतं पान पुरत नाही, योग्य वेळचं पान लागतं. कोवळं पान खाणारी अळी निबर पानांच्या हंगामात जन्मली, तर हिरव्यागार झाडावरही तिची उपासमार होते. दुसरी गोष्ट झाडाची. झाडं निमूटपणे खाऊ देत नाहीत. कुणी पानात कडवट द्रव्यं भरतं, कुणी खोडातून चिकट राळ सोडतं. तिसरी हवामानाची : कडक थंडी, कोरडा उन्हाळा, अळ्या धुऊन नेणारा धो धो पाऊस.

चौथा लगाम शत्रूंचा. पक्षी, कोळी, मुंग्या तर आहेतच. त्यांच्या जोडीला मुंगीएवढ्या किंवा तिच्याहूनही लहान गांधीलमाश्या असतात. त्या अळीच्या अंगात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं अळीला आतून खात मोठी होतात. शिवाय अळ्यांना होणारे विषाणूंचे रोग.

या चौथ्या लगामाची एक खोड आहे. शंभर पानांची पंगत बसली आहे आणि भात शंभरांचाच शिजला आहे, तर शीतही उरत नाही. पण भात हजारांचा शिजला, तर शंभर माणसं पोट फुटेपर्यंत जेवली तरी ढीग शिल्लक राहतो. पक्ष्यांचं तसंच. अळ्या थोड्या असतात तेव्हा ते जवळजवळ सगळ्या टिपतात. अळ्या एका मर्यादेपलीकडे गेल्या, की पक्षी रोज पोटभर खातात आणि तरीही वाढ थांबत नाही. पक्ष्यांचं वर्षातून एक-दोनदा घरटं, अळ्यांची महिन्याला एक पिढी. ही शर्यत पक्षी जिंकू शकत नाहीत.

म्हणून उद्रेकाला एक उंबरठा असतो. त्याच्या अलीकडे जंगल स्वतःच कीड आवरतं. पलीकडे गेल्यावर तेच जंगल हतबल होतं.

४. साग : पानं जातात, झाड राहतं

केरळमधलं निलांबूर हे सागाच्या लागवडीचं जुनं गाव. मलबारचे कलेक्टर कोनोली यांनी १८४० च्या दशकात तिथे सागाची लागवड सुरू केली. जगातल्या सर्वांत जुन्या सागलागवडींत तिची गणना होते. या पट्ट्यात पानं खाणाऱ्या अळीचे उद्रेक जवळजवळ दर वर्षीचे, त्यामुळे त्यांचा सर्वांत बारकाईने अभ्यासही इथेच झाला. तो केला पीची इथल्या केरळ वनसंशोधन संस्थेने.

वळवाच्या पहिल्या सरींनंतर सागाला पालवी फुटते. तेव्हा उद्रेक सगळीकडे एकदम होत नाही. आधी हजारो हेक्टरांच्या लागवडीत हेक्टर-दीड हेक्टरांचे मोजके ठिपके खाल्ले जातात. अळी पानाची कड कापते, ती दुमडून रेशमाने शिवते आणि त्या घडीत लपून खाते. दहा-बारा दिवसांत ती पुरी वाढते, रेशमाच्या धाग्याला लोंबकळत खाली उतरते आणि पाचोळ्यात कोष करते. एका ठिपक्यातल्या सगळ्या अळ्या एकाच वयाच्या, त्यामुळे पतंगही एकाच वेळी निघतात आणि झुंडीने उडून जातात. ते उतरतात तिथे पुढची पिढी, आणि यावेळी ठिपका मोठा असतो. पाऊस पुढे सरकतो तशी पालवी पुढे सरकते, आणि पालवीमागून पतंग.

मग सागाची झाडं मरतात का? सहसा नाही. काही आठवड्यांत झाड पुन्हा पालवतं. पण ही दुसरी पालवी फुकटची नसते. खोड जाड करण्यासाठी जमवलेलं अन्न तिच्यात खर्च होतं. निलांबूरला काही तरुण लागवडींचं अळीपासून पाच वर्षं रक्षण केलं आणि शेजारच्या तशाच सोडून दिल्या. न राखलेल्या झाडांची लाकूडवाढ राखलेल्या झाडांपेक्षा ४४ टक्क्यांनी कमी भरली. राखलेल्या झाडांनी १०० घनफूट लाकूड धरलं असेल, तर शेजाऱ्यांनी ५६. वरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे हिरवी झाडंच दिसत होती.

हीच अळी मुंबईकरांनीही पाहिली आहे. खाडीकाठचं तिवराचं रान पावसाळ्याच्या शेवटी एकाएकी निष्पर्ण होतं आणि कुणीतरी विष घातल्याची शंका येते. बऱ्याचदा ते काम सागावरच्या याच अळीचं असतं आणि काही आठवड्यांत तिवरं पुन्हा हिरवी होतात.

५. सरई : खोडच पोखरलं जातं

गोंदियाच्या उत्तरेला बालाघाट लागतं, त्यापुढे मंडला आणि दिंडोरी. इथून सरईचं राज्य सुरू होतं, कान्हाचं जंगल त्यातलंच. या सरईचा शत्रू अगदी वेगळ्या स्वभावाचा आहे. तो एक लांब मिशांचा तपकिरी भुंगेरा, दोन ते सहा सेंटिमीटर लांब. वर्षाला त्याची एकच पिढी होते.

पावसाळ्याच्या पहिल्या दमदार सरींबरोबर भुंगेरे खोडांतून बाहेर पडतात. मादी सरईच्या सालीच्या भेगांत अंडी घालते. अळ्या आधी सालीखालचा मऊ, रसाळ थर खातात, मग आतल्या पक्क्या लाकडात बोगदे करत जातात आणि तिथेच कोष करून पुढच्या पावसाची वाट पाहतात. झाडाच्या बुंध्याशी लाकडाच्या भुशाचा ढीग दिसला, की आत काम चालू आहे असं समजावं. सालीखालून अन्न वाहून नेणारा थर चहूबाजूंनी खाल्ला गेला, की झाड उभ्या उभ्या वाळतं. सागासारखी दुसरी संधी त्याला नसते.

मात्र शांत वर्षांत हा भुंगेरा जंगलाचा सफाई कामगार असतो. वादळात पडलेली, म्हातारी, आजारी किंवा तोडून ठेवलेली झाडं तो पोखरतो आणि मातीत जायला मदत करतो. धडधाकट सरईच्या वाटेला तो जात नाही, कारण तिच्याकडे राळ आहे. देवापुढे धुपात जळणारी राळ ती हीच. अळीने साल कुरतडली, की राळ पाझरते आणि अळी तीत बुडून मरते.

मग हा सफाई कामगार जिवंत झाडं मारायला कधी लागतो? हिशेब सोपा व्हावा म्हणून काही आकडे धरू. एका निरोगी सरईकडे २०० अळ्या बुडवण्याइतकी राळ आहे. तिच्यावर १०० अळ्या आल्या, तर शंभरही मरतील, झाड सुखरूप. ३०० आल्या, तर २०० मरतील, राळ संपेल, उरलेल्या १०० झाड संपवतील.

आता जंगलात पडून राहिलेलं एक खोड घ्या. त्यात राळेचा विरोध जवळजवळ नाही. तिथे ३०० अळ्या गेल्या, तर धरून चालू की तीनशेही वाढल्या. पुढच्या पावसात १५० माद्या निघतील. प्रत्येकीने शंभर अंडी घातली, तर १५,००० अळ्या. त्या मिळून ७५ निरोगी झाडांची राळ संपवू शकतात. पडलेल्या खोडाला कुणी नुकसान म्हणत नाही, पण आसपासच्या उभ्या झाडांचा धोका तिथे वाढत असतो.

अवर्षणाने किंवा साचलेल्या पाण्याने झाडं अशक्त झाली, म्हाताऱ्या झाडांची दाटी झाली, वादळाची पडझड तशीच राहिली, की हा उंबरठा ओलांडला जातो. १९२३ ते १९२८ या काळात तेव्हाच्या मध्य प्रांतात या भुंगेऱ्याने लाखो सरई मारल्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडला, दिंडोरी, बालाघाट आणि आजच्या छत्तीसगडच्या काही भागांत पुन्हा तेच घडलं. कीड लागलेली झाडं किती तोडायची, वाचण्याजोगी कोणती, किडीच्या नावाखाली चांगली झाडं तर जात नाहीत ना, यावर तेव्हा मोठा वाद झाला.

६. रसाचा सापळा

या भुंगेऱ्याला आवरायची एक रीत शंभर वर्षांपासून वापरात आहे. भुंगेऱ्याला सरईचा ताजा रस फार आवडतो, त्याच्या वासाने तो लांबून येतो. पाऊस सुरू होताच ठरावीक अंतरावर एकेक सरई पाडतात, तिचे ओंडके करतात आणि टोकांकडची साल ठेचून रस वाहू देतात. रात्रीत भुंगेरे जमतात आणि आंबू लागलेला रस पिऊन सुस्त पडतात. सकाळी गावकरी ते हाताने वेचतात. मजुरी भुंगेऱ्यांच्या संख्येवर असल्याने मोजदादीसाठी मुंडकी तोडून ठेवतात. रस सुकला, की ओंडक्याला नवा काप देतात.

इथे वेळ महत्त्वाची. मादीने अंडी घालण्याआधी ती पकडली, तर शंभर अळ्या टळल्या. पंधरा दिवस उशीर झाला, तर वेचलेल्या माद्यांनी अंडी घालून झालेली असतील. आणि ज्या ओंडक्यांनी भुंगेरे बोलावले ते नंतर जंगलातच राहिले, तर सापळ्याचं पाळणाघर व्हायला वेळ लागत नाही.

७. औषध का फवारत नाहीत?

फवारून पाहिलं आहे. केरळमध्ये कोन्नीच्या सागावर १९६५ मध्ये एन्ड्रिन या कीटकनाशकाची हवाई फवारणी झाली. कॅनडात न्यू ब्रन्सविक प्रांतात स्प्रूस झाडांच्या कळ्या खाणाऱ्या अळीवर १९५२ पासून डीडीटीचे विमानी फवारे सुरू झाले. झाडं वाचली, पण अळीचं खाद्यही वाचलं, आणि एरवी काही वर्षांत ओसरला असता तो उद्रेक धुमसत राहिला. मिरामिची नदीतले सामन मासे मात्र मेले. त्यांची हकिगत रेचल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये सांगितली आणि ती जगभर गेली.

अडचणी तीन आहेत. सरईच्या खोडात दडलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. सागावरच्या अळीपर्यंत पोचतो, पण ती खादाड असते दहा-बारा दिवस. पाहणी, मंजुरी आणि खरेदी होईपर्यंत ती कोषात गेलेली असते. तिसरी अडचण सर्वांत मोठी. औषधाने अळीबरोबर तिच्या अंगात वाढणाऱ्या गांधीलमाश्याही मरतात. आपणच एक लगाम तोडतो.

पीचीच्या संशोधकांनी म्हणून लगामच हाताशी धरला. सागाच्या या अळीला एका विषाणूचा रोग होतो. रोगी अळी लिबलिबीत होऊन पानाला उलटी लटकते, फुटते, आणि तिच्यातले कण खाली पानांवर पसरतात. ते खाणाऱ्या अळ्यांना पुन्हा तोच रोग. हा विषाणू त्यांनी वाढवून फवारणीयोग्य केला. त्याचा माणसाला, पक्ष्यांना उपद्रव नाही. पण तोही अळी लहान असतानाच, आणि सुरुवातीच्या हेक्टर-दीड हेक्टरांच्या ठिपक्यांवर मारला तरच परवडतो. म्हणजे ठिपका वेळेत दिसायला हवा.

८. उद्रेक संपतो कसा?

बहुतेक उद्रेक आपोआप ओसरतात. गर्दीत रोग झपाट्याने पसरतो. गांधीलमाश्यांना अळ्यांचा सुकाळ झालेला असतो, एक-दोन पिढ्यांनी त्यांची संख्याही अळ्यांना गाठते. कोवळी पानं संपतात.

काही ठिकाणी ही चढउतार घड्याळासारखी चालते. स्वित्झर्लंडमधल्या एंगाडिन खोऱ्यात लार्च वृक्षांची पानं खाणारी अळी दर आठ-नऊ वर्षांनी उसळायची. ओरबाडलेल्या झाडाला पुढची काही वर्षं आखूड, निकस पानं येतात आणि त्यांच्यावर अळ्या पोसत नाहीत. अशा उपाशी वर्षांत झाडाच्या खोडातलं वर्तुळ वेगळं पडतं. जुनी लाकडं तपासली, तेव्हा हा फेरा हजाराहून अधिक वर्षं चालत आल्याचं दिसलं. १९८० च्या दशकापासून तो बिघडला. हवा तापत जाणं हे त्याचं कारण संशोधक देतात.

तापमानाने एका ठिकाणी अळी थंडावली, तर दुसरीकडे भुंगेरा मोकाट सुटला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात पाइनच्या सालीखाली राहणारा तांदळाच्या दाण्याएवढा भुंगेरा आहे. उणे ३५-४० अंशांची थंडी त्याच्या अळ्या मारत असे. तसे हिवाळे कमी झाले, आणि जंगलात वणवे विझवत राखलेल्या म्हाताऱ्या पाइनची गर्दी होती. १९९० च्या दशकात सुरू झालेल्या उद्रेकाची झळ सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टरांना लागली, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक क्षेत्राला. हवेतला कार्बन शोषणारं ते जंगल मेलेली झाडं कुजू लागल्यावर काही वर्षं कार्बन सोडणारं झालं.

९. शांत वर्षांतलं काम

एकाच जातीची झाडं लावल्यामुळे कीड येते, असं सरसकट म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे, पण तेवढंच कारण नाही. सरईचं जंगल निसर्गतःच बहुतांशी सरईचं असतं, आणि नैसर्गिक सागालाही अळी लागते. मिश्र जंगलाने कीड नाहीशी होत नाही. शत्रूंना आसरा आणि वर्षभराचं खाद्य मिळतं, त्यामुळे उंबरठा वर सरकतो.

उंबरठा वर ठेवण्याची बाकीची कामं दिसायला किरकोळ आहेत. पावसाआधी सरईच्या कूपात, म्हणजे तोडणीच्या पट्ट्यात, एकही ओंडका पडून राहता कामा नये. वादळानंतर उन्मळलेली झाडं त्याच हंगामात बाहेर काढायला हवीत. बीटवरच्या वनरक्षकाने बुंध्याशी भुसा दिसलेल्या झाडांची वर्षागणिक नोंद ठेवायला हवी. वळवानंतरच्या आठवड्यांत सागाच्या लागवडीत फेरी मारून खाल्लेले ठिपके शोधायला हवेत. ही कामं करायची वेळ येते तेव्हा जंगल निरोगी दिसत असतं, म्हणून त्यांना पैसा आणि माणसं मिळणं अवघड जातं.

पण ९९.६ आणि ९८ मधला फरक याच कामांनी पडतो. झाडं तपकिरी झाल्यावर बातमी येते, समिती बसते आणि निधी मिळतो. तोवर अळी कोषात गेलेली असते आणि भुंगेऱ्याची पुढची पिढी खोडात शिरलेली असते. आपल्या भागातल्या रानाला कीड लागली, तर ‘या वर्षी काय फवारलं?’ याच्या आधी वनखात्याला विचारायचा प्रश्न हा : गेल्या तीन वर्षांच्या नोंदी कुठे आहेत?